विकासाचे मिथक आणि ऋणाचे वास्तव : ‘गिलमोर गर्ल्स’मधील गाव, प्रेम आणि कर्ज

१

छोट्या गावाच्या पार्श्वभूमीवर घडणाऱ्या दूरचित्रवाणी-मालिकांविषयी जे लिहिले-बोलले जाते, त्यात एक गृहीतक इतके रुळले आहे, की ते गृहीतक आहे याचाच विसर पडला आहे. नायिकेच्या आयुष्यात क्रमाने आलेले पुरुष म्हणजे तिच्या विकासाच्या पायऱ्या, आणि तिने कोणाला नाकारले व कोणाला स्वीकारले यावरून तिची प्रगल्भता मोजायची, असे हे गृहीतक आहे. या दृष्टीने मालिकेचे वाचन वरसंशोधनाच्या पातळीवर उतरते. अमका तिला शोभतो की तमका, या प्रश्नाला व्यक्तिरेखेच्या समीक्षेचा दर्जा मिळतो, आणि ज्या भौतिक व सामाजिक अटींमुळे व्यक्तिरेखा घडते किंवा घडत नाही त्या अटी दृष्टिआड होतात.

एमी शर्मन-पॅलाडिनो यांनी निर्माण केलेली ‘गिलमोर गर्ल्स’ (२०००–२००७) ही अमेरिकी मालिका या वाचनाची सर्वांत मोठी बळी आहे. कनेक्टिकटमधील स्टार्स हॉलो या कल्पित गावात सोळाव्या वर्षी आई झालेली लॉरलाय आणि तिची मुलगी रोरी यांची ही कथा. १५३ भागांत ती सांगितली गेली, आणि २०१६ मध्ये चार दीर्घ भागांच्या रूपाने तिची पुरवणी आली. पुरवणीतील रोरी बत्तीस वर्षांची आहे. तिला स्थिर नोकरी नाही, वाग्दत्त वधू असलेल्या जुन्या प्रियकराशी तिचे संबंध आहेत, ती गावी परतली आहे, आणि अखेरच्या क्षणी आपण गरोदर असल्याचे ती आईला सांगते. यावर पुष्कळ प्रेक्षकांची व समीक्षकांची प्रतिक्रिया निराशेची होती. रोरीचा विकास झाला नाही, असा तो आक्षेप. या आक्षेपातील निरीक्षण खरे आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. विकास झाला नाही हा संहितेचा दोष समजला जातो. वस्तुतः तेच तिचे प्रतिपाद्य आहे.

२

‘व्यक्तिरेखेचा विकास’ ही संकल्पना कादंबरीच्या, आणि त्यातही घडणीच्या कादंबरीच्या समीक्षेतून आलेली आहे. गटेच्या ‘विल्हेल्म माइस्टर’पासून (१७९५–९६) या प्रकाराने एक रूपबंध रूढ केला. तरुण घर सोडतो, चुकतो, शिकतो, आणि शेवटी समाजाशी तडजोड करतो. फ्रँको मोरेत्ती याने ‘द वे ऑफ द वर्ल्ड’ (१९८७) या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे या प्रकाराच्या अभिजात अवस्थेत ही तडजोड विवाहाच्या रूपाने व्यक्त होते, कारण विवाह हा व्यक्ती आणि समाज यांच्यातील कराराचे रूपक असतो. प्रेम आणि विकास यांची सांगड येथे प्रथम पडते. तिचा उगम एका विशिष्ट काळातील एका विशिष्ट वाङ्मयप्रकारात आहे. ती सार्वकालिक नाही.

ही सांगड धारावाहिक मालिकेला लावताना दोन गोष्टींकडे दुर्लक्ष होते. पहिली मालिकेच्या रूपाविषयीची. कादंबरीत विवाह हा शेवट असतो. मालिकेत तो शक्यतो लांबवायचा असतो. रोलाँ बार्थने ‘एस/झेड’मध्ये (१९७०) कथनातील कोड्याचे उत्तर लांबणीवर टाकण्याच्या ज्या युक्त्यांची मीमांसा केली, त्या युक्त्यांवरच मालिकेचे अस्तित्व अवलंबून असते. लॉरलाय आणि गावातील उपाहारगृहाचा मालक ल्यूक यांचे पहिले चुंबन २००४ मध्ये, चौथ्या पर्वाच्या अखेरीस येते. त्यांचा विवाह २०१६ मध्ये होतो. मधल्या काळात ल्यूकला तोवर अज्ञात असलेली मुलगी अवतरते, वाङ्निश्चय मोडतो, लॉरलाय रोरीच्या वडिलांशी विवाह करते आणि तो विवाहही टिकत नाही. या घडामोडींना विकासाचे टप्पे मानणे म्हणजे नदीवरच्या बंधाऱ्याला प्रवाह म्हणण्यासारखे आहे. मालिकेतील प्रेम हे मुख्यतः विलंबाचे यंत्र आहे, आणि विलंबाच्या यंत्राने वाढ मोजता येत नाही.

दुसरी गोष्ट स्थळाविषयीची. कादंबरीतील काळ आणि अवकाश यांच्या अन्योन्यसंबंधाची, म्हणजे क्रोनोटोपची, चर्चा करताना मिखाइल बाख्तिनने फ्लोबेरच्या ‘मादाम बोवारी’तील आडगावाचे उदाहरण घेतले आहे. अशा गावातला काळ चक्राकार असतो. तेथे घटना घडत नाहीत, नित्यक्रम घडतात. दिवस, आठवडा, महिना तीच वर्तुळे पुन्हा काढत राहतात. म्हणून हा काळ कादंबरीचा प्रधान काळ होऊ शकत नाही, आणि कादंबरीकार त्याचा उपयोग इतर, अधिक गतिमान काळांच्या विरोधात करतो, असे बाख्तिनचे म्हणणे आहे.

स्टार्स हॉलोचा काळ नेमका हाच आहे. नगरसभा, उत्सव, हिमवर्षाव, चौकातील छत्री, ल्यूकची कॉफी. हे गाव बरबँक येथील वॉर्नर ब्रदर्सच्या स्टुडिओच्या आवारात उभे केलेले होते. त्याला इतिहास नाही, केवळ वार्षिक पंचांग आहे. २०१६ च्या चार भागांना हिवाळा, वसंत, उन्हाळा आणि शरद अशीच नावे आहेत. ज्या संहितेने आपल्या प्रकरणांना ऋतूंची नावे दिली, तिच्याकडे सरळ रेषेतील प्रगतीची मागणी करणे हे वाचनाचे अपयश आहे. बाख्तिनने जे आडगाव दुय्यम स्थानी ठेवले होते, त्याला या मालिकेने प्रधान केले. मग वाढ जाते कोठे? जेस मारिआनो या व्यक्तिरेखेत याचे उत्तर सापडते. गावाला नकोसा झालेला हा मुलगा गाव सोडतो, आणि परत येतो तेव्हा त्याने कादंबरी लिहिलेली असते. त्याची जडणघडण गावाबाहेर आणि पडद्याबाहेर झालेली आहे. गाव वाढीचा परिणाम तेवढा पाहते. वाढ पाहण्याची सोय त्याच्या काळात नाही.

३

मात्र चक्राकार काळ ही निसर्गदत्त गोष्ट नाही. तो कशाने तरी फिरत ठेवला जातो, आणि या मालिकेत ते चाक फिरवणारी शक्ती म्हणजे कर्ज. प्रेमकथांच्या चर्चेत सर्वाधिक झाकली गेलेली बाब हीच आहे.

पहिल्याच भागात रोरीला चिल्टन या महागड्या खासगी शाळेत प्रवेश मिळतो आणि लॉरलायजवळ शुल्काचे पैसे नसतात. बऱ्याच वर्षांपूर्वी तान्ह्या मुलीला घेऊन जे श्रीमंत घर तिने सोडले, एका वसतिगृहात मोलकरणीचे काम करून ज्याच्यापासून स्वातंत्र्य मिळवले, त्याच हार्टफर्डच्या घरी ती कर्ज मागायला जाते. आईवडील, एमिली आणि रिचर्ड, पैसे देतात. त्यांना व्याज नको असते, दर शुक्रवारी मुलीने व नातीने जेवायला यावे एवढेच हवे असते. मालिकेचा साप्ताहिक नित्यक्रम, तिच्यातील बहुतेक संघर्ष आणि तिचे बरेचसे विनोदी संवाद या एका करारातून निर्माण झालेले आहेत. शुक्रवार हा या संहितेचा खरा कालमापक आहे, आणि तो ऋणाने ठरवलेला आहे.

पुढचा क्रम पाहण्यासारखा आहे. तिसऱ्या पर्वात लॉरलायच्या हाती रक्कम येते आणि ती चिल्टनचे कर्ज फेडते. पण तीच रक्कम हाती आल्यामुळे येल विद्यापीठाचे आर्थिक साहाय्य हुकते. तेव्हा रोरी स्वतः आजी-आजोबांकडे जाऊन नवे कर्ज घेते आणि शुक्रवारचा करार पुन्हा सुरू करते. मुलीचे पहिले प्रौढ कृत्य असे कोणते म्हणायचे झाल्यास ते हेच. याच सुमारास डीन की जेस हा प्रश्न चर्चेचे केंद्र व्हावा, यातच त्या चर्चेचे स्वरूप स्पष्ट होते. प्रियकर बदलल्याने रोरीच्या जगण्याच्या अटी बदलत नाहीत. कर्जदार बदलल्याने बदलतात. लोगन हंट्झबर्गरचे आकर्षणही या साखळीबाहेरचे नाही. त्याचे वडील वृत्तपत्रसमूहाचे मालक आहेत, आणि त्यांच्या एका प्रतिकूल शेऱ्यानिशी रोरी येल सोडून आजोबांच्या आवारातील घरात राहायला जाते. पदवीदान-समारंभाच्या वेळी ती लोगनची मागणी नाकारते, बराक ओबामा यांच्या प्रचारमोहिमेचे वार्तांकन करण्याची नोकरी स्वीकारते, आणि २००७ ची अखेर विकासाची म्हणून वाखाणली जाते. पण तो नकारही कर्जमुक्त शिक्षणाच्या बळावर दिलेला नकार आहे. मधल्या काळात येलचे शुल्क तिच्या वडिलांनी, वारसाहक्काने आलेल्या पैशातून, भरलेले असते.

हे वाचन अर्थनिर्धारणवादी आहे, माणसांच्या जिव्हाळ्याला ते जमाखर्चात बसवते, असा आक्षेप येऊ शकतो. त्यात तथ्यांश आहे. २००७ च्या शेवटच्या भागात कर्ज उरलेले नसते, तरीही लॉरलाय शुक्रवारचे जेवण चालू ठेवण्याचे मान्य करते. सक्तीने सुरू झालेली सवय नात्यात परिणत झाली. मालिकेतील हा सर्वांत हृद्य क्षण आहे, आणि तो कोणत्याही प्रियकराने घडवलेला नाही. परंतु संहिता तेथे थांबत नाही. २०१६ मध्ये लॉरलाय आपल्या वसतिगृहाच्या विस्तारासाठी पुन्हा आईकडे पैसे मागते, आणि तिने दरवर्षी काही काळ नँटकेटला येऊन राहावे अशी अट एमिली घालते. जिव्हाळा खरा आहे. पण तो व्यक्त होण्यासाठी त्याला कराराची भाषा लागते. या घराण्याला दुसरी भाषा शिकवली गेलेली नाही. हे सांगणारी संहिता जमाखर्चाच्या पलीकडची आहे यात शंका नाही. तो जमाखर्च वगळून मात्र ती वाचता येत नाही.

४

विकासाच्या मिथकाची किंमत कोण मोजते, हा यापुढचा प्रश्न. लेन किम ही रोरीची बालमैत्रीण. कोरियन-अमेरिकी कुटुंबातील ही मुलगी आईच्या कडक धर्मनिष्ठेपासून आपले संगीतप्रेम लपवत वाढते, वाद्यवृंद उभा करते, ढोल वाजवते, घर सोडते. बंडखोरीच्या निकषावर तिचा प्रवास रोरीपेक्षा खडतर आहे. सातव्या पर्वात विवाहानंतर लगेच तिला जुळ्या मुलांची गर्भधारणा होते आणि तिच्या कथेची दारे मिटतात. २०१६ मध्येही ती त्याच गावात, त्याच जोडीदारासह, त्याच वाद्यवृंदात आहे. तिला चिल्टन नाही, येल नाही, शुक्रवारचे जेवण देणारे कोणी नाही. रोरीच्या कुंठित विकासावर खेद करणाऱ्यांना लेनचा प्रश्न सहसा पडत नाही, कारण तिच्याकडून विकासाची अपेक्षाच नव्हती. विकास ही सर्व व्यक्तिरेखांना समान उपलब्ध असलेली आंतरिक शक्यता नसून ती वाटून दिलेली मत्ता आहे, हे येथे उघड होते.

आणि ज्या एका व्यक्तिरेखेत २०१६ मध्ये खरोखर स्थित्यंतर घडते, ती प्रेमकथेची नायिका नव्हेच. पतीच्या निधनानंतर एमिली प्रतिष्ठित स्त्रियांच्या ज्या संस्थेत तिने आयुष्य घालवले तिच्याशी नाते तोडते, हार्टफर्डचे घर विकते आणि नँटकेटच्या देवमाशांच्या शिकारीविषयीच्या संग्रहालयात येणाऱ्यांना माहिती सांगण्याचे काम पत्करते. या वळणाचे कारण वैधव्य आहे, प्रेम नव्हे. ते शक्य होते याचे आणखी एक कारण म्हणजे या कथेतील धनको तीच आहे. चक्र थांबवण्याचा अधिकार चक्र फिरवणाऱ्याकडेच असतो.

मराठी समीक्षेने या संदर्भात स्वतःच्या निकषांकडेही पाहायला हवे. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’चा (१९६३) नायक पांडुरंग सांगवीकर वडिलांच्या पैशावर पुण्यात शिकतो, ते उधळतो, आणि पदवीविना सांगवीला परततो. त्याच्या परतण्यात मराठी समीक्षेने अस्तित्वविषयक अर्थ वाचला, एका पिढीची शोकात्म जाणीव पाहिली, आणि ते योग्यच होते. तेथे विकास झाला नाही, ही तक्रार कोणी गंभीरपणे केली असती तर ती बाळबोध ठरली असती. कुटुंबाच्या पैशावर शिकलेली, नाउमेद होऊन गावी परतलेली स्त्री मात्र अपरिपक्व ठरते, आणि तिची चिकित्सा तिच्या प्रियकरांच्या यादीवरून केली जाते. दोन संहितांच्या कलात्मक मोलाची तुलना येथे अभिप्रेत नाही. पुरुषाच्या परतण्याला तत्त्वज्ञान आणि स्त्रीच्या परतण्याला स्वभावदोष मानणारा मूल्यव्यूह एकच आहे, इतकेच येथे म्हणायचे आहे.

५

मालिकेचे अखेरचे चार शब्द आपल्या मनात आधीच ठरलेले होते, असे निर्मातीने जाहीरपणे सांगितले आहे. म्हणजे मुलगी आईच्या जागी येऊन उभी राहणार, हे वर्तुळ संहितेच्या आराखड्यातच होते. मुलाचा पिता कोण, याचा उच्चार तेथे होत नाही, आणि तर्कवितर्कांना पुन्हा ऊत येतो. परंतु त्या दृश्यात चौकातील छत्रीखाली दोनच स्त्रिया आहेत, आणि दोघींतला फरक एवढाच, की आईने सोळाव्या वर्षी जे केले ते अज्ञानाने केले. मुलीजवळ चिल्टन आहे, येल आहे, सोळा वर्षे जास्तीची आहेत, आणि तरीही ती तेथेच आहे.

शिक्षण, प्रेम आणि पैसा यांच्या साहाय्याने व्यक्ती आपल्या उगमापासून मुक्त होते, या आधुनिक श्रद्धेवर याहून कठोर भाष्य लोकप्रिय माध्यमात क्वचितच झाले असेल. त्या भाष्याला अपयश म्हणणारी समीक्षा आपल्या श्रद्धेचे रक्षण करते, संहितेचे वाचन करीत नाही. रोरीने कोणाची निवड करायला हवी होती, हा प्रश्न गावकऱ्यांना शोभतो. समीक्षेने विचारायचा प्रश्न आहे, की तिच्या पहिल्या शाळेचे शुल्क कोणी भरले, आणि त्याची परतफेड अद्याप कोण करीत आहे.