थंडीची रात्र आणि द्राक्षांचा मळा

थंडीचा कडाका वाढला म्हणजे आमच्या शहरांतील सुखवस्तु मनुष्य एक पांघरूण अधिक घेऊन निजतो, आणि सकाळीं गुलमंडीवर चहा घेतांना ‘यंदा हिंवाळा चांगला पडला’ असें समाधानानें म्हणतो. त्याच रात्रीं या जिल्ह्यांतील किंवा शेजारच्या जालना जिल्ह्यांतील द्राक्षांचा बागाईतदार पहांटेपर्यंत जागा असतो. वर्षाचा खर्च वेलीवर चढलेला, मणी भरत आलेले, आणि पारा मात्र घटकेघटकेस उतरत चाललेला, अशी त्याची स्थिति असते. सकाळीं पानें करपलेलीं दिसलीं म्हणजे ‘दैवाचा घाला’ असें म्हणून आपण सर्व मोकळे होतों. आमचें म्हणणें असें कीं, हा घाला दैवाचा जितका आहे त्याहून बेसावधपणाचा अधिक आहे. आणि तो बेसावधपणा एकट्या शेतकऱ्याचा नाहीं.

द्राक्ष आमच्या भूमीस नवें नाहीं. चौदाव्या शतकांत इब्न बतूता हा मोरोक्को देशचा प्रवासी दौलताबादेस आला, तेव्हां येथें द्राक्षें व डाळिंबें वर्षांतून दोनदां पिकतात असें त्यानें नमूद करून ठेविलें. या ‘दोनदां’ शब्दांतच आजच्या प्रश्नाचें मूळ आहे. फ्रान्ससारख्या थंड देशांत वेल हिंवाळ्यांत पानें टाकून झोपीं जाते. वसंतांत तिचे डोळे फुटतात, आणि मागाहून आलेली एखादी गोठवणारी रात्र ते कोंभ जाळून टाकते. एप्रिल 2021 मध्यें तेथें असेंच झालें. मार्चअखेरच्या उबेनें वेली लवकर फुटल्या, आणि पुढील आठवड्यांतील थंडीनें त्या इतक्या होरपळल्या कीं, तेथील कृषिमंत्र्यांनीं ही बहुधा या शतकाच्या आरंभकाळांतील सर्वांत मोठी शेतीवरील आपत्ति असल्याचें सांगितलें.

आमची वेल मात्र झोपतच नाहीं. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, आक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, आणि जानेवारीपासून एप्रिलपर्यंत तोडणी, असें तिचें वर्ष असतें. म्हणून तेथें थंडीचा धोका कोंभास, तर येथें तो भरत्या घडास. पारा दहा अंशांखालीं राहिला कीं मण्यांची फुगवण मंदावते. पाणी उतरलेल्या मण्यांस तडे जातात. दिवसाची ऊन व रात्रीची थंडी यांत मोठें अंतर पडलें म्हणजे हिरवे मणी गुलाबी होतात, आणि परदेशीं जाणाऱ्या मालास तेवढ्यानेंच बट्टा लागतो. पारा गोठणबिंदूशीं आला कीं पानें जळतात. मग घडांत साखर भरावी कोणीं?

इतकी थंडी आमच्याकडे पडते काय, असें कोणी विचारील. निफाडचा पारा डिसेंबर 2018 च्या अखेरीस 2 अंशांखालीं उतरला होता. खुद्द आमच्या शहरांत 2 फेब्रुवारी 1911 रोजीं 2 अंशांपर्यंत थंडी पडल्याची नोंद आहे. शिवाय वेधशाळेचा उष्णतामापक जमिनीपासून कांहीं फूट उंच, सावलीच्या पेटींत ठेवलेला असतो. निरभ्र व निवांत रात्रीं जमीन आणि पानें आपली ऊब आकाशाकडे टाकतात, व भोंवतालच्या हवेहूनही थंड होतात. म्हणूनच पेटींतील आंकडा 3 किंवा 4 असतां पानावरचें दंव गोठलेलें आढळतें. ही थंड हवा जड असल्यामुळें पाण्याप्रमाणें उताराकडे वाहते व सखल जागीं तुंबते. एकाच गांवांत माळावरचा मळा वांचतो आणि ओढ्याकांठचा जळतो, तो याच कारणानें. उताराच्या खालच्या अंगास शेवरीचें दाट कुंपण असेल तर तें थंड हवेस बांधच घालतें. तेथें वाट मोकळी ठेवली पाहिजे.

शत्रूची चाल एवढी ठाऊक असतां उपाय अंधारांत चाचपडत कां करावेत? ओला कचरा पेटवून धूर केला कीं मळा वांचतो, अशी समजूत फार रूढ आहे. वस्तुतः धुराचा पडदा ऊब फारशी अडवीत नाहीं. जो उपयोग होतो तो विस्तवाच्या उष्णतेचा. एक मोठा जाळ केला तर ऊब सरळ वर निघून जाते; लहान लहान शेकोट्या मळाभर ठेवल्या तर ती वेलींच्या उंचीवर रेंगाळते. खरा आधार पाण्याचा. ओली व घट्ट जमीन दिवसाची ऊब सांठविते आणि रात्रीं परत देते. कोरडी व भुसभुशीत जमीन तसें करीत नाहीं. विहिरीचें पाणी थंडीच्या पहांटे हवेहून उबदार असतें. तें हलकेंच ठिबकनें किंवा सरींतून दिल्यास पारा एखाद-दुसऱ्या अंशानें सांवरतो, आणि पुष्कळदां पीक व नाश यांत अंतर तेवढेंच असतें. मात्र भरल्या घडांच्या काळीं पाण्याचा अतिरेक केला तर मणी तडकतात, हेंही विसरूं नये. घडांस कागद गुंडाळल्यानें गुलाबी मण्यांचा उपद्रव कमी होतो.

परदेशांत वेलीवर तुषार उडवून बर्फाचें कवच चढवितात. एक ग्रॅम पाणी गोठतांना सुमारें 80 कॅलरी उष्णता सोडतें, यावर ती युक्ति उभी आहे. पण ती कोंभांसाठीं योग्य. आमच्या भरल्या घडांवर रात्रभर पाणी उडविणें म्हणजे रोगास आमंत्रण देणें होय. शिवाय तुषार मध्येंच थांबले तर पाण्याची वाफ होतांना उलट थंडीच वाढते. परक्यांची विद्या अवश्य घ्यावी, पण आपल्या वेलीचें वय पाहून घ्यावी.

येथवरचें काम शेतकऱ्याचें झालें. पण थंडी केव्हां व कोठें उतरणार हें त्यानें एकट्यानें कसें जाणावें? द्राक्षांसाठीं राष्ट्रीय संशोधन केंद्र 1997 पासून पुण्याजवळ मांजरीस आहे. परभणीस 1972 पासून कृषि विद्यापीठ आहे. आमच्या हिमायतबागेंत फळ संशोधन केंद्र आहे. विद्येची उणीव नाहीं. उणीव आहे ती विद्या आणि मळा यांमधील शेवटच्या दोन कोसांची. ती भरून काढण्यासाठीं कृषिविज्ञान केंद्रांतून चालणारे सुमारें 200 जिल्हा कृषि-हवामान कक्ष 2024 मध्यें देशभर बंद करण्यांत आले. काटकसर चांगलीच, परंतु पहारेकऱ्याचा पगार वांचवून तिजोरी उघडी ठेवण्यास काटकसर म्हणत नाहींत. कृषिपंपास वीज पाळीनें मिळते तेथें थंडीची सूचना संध्याकाळीं आली तरी रात्रीं पाणी सोडतां येत नाहीं. कडाक्याच्या चार रात्री द्राक्षाच्या गांवांस वीज देणें, हें अशक्य कोटींतलें मागणें नव्हे.

विम्याचीही तीच गोष्ट. हवामानावर आधारलेल्या फळपीक विम्यांत द्राक्षासाठीं कमी तापमानाचा धोका धरलेला आहे, ही चांगली तरतूद होय. पण भरपाई ठरते ती महसूल मंडळाच्या केंद्रावरील आंकड्यावरून, जळलेल्या पानावरून नव्हे. केंद्र माळावर आणि मळा ओढ्यांत असेल तर कागदोपत्रीं थंडी पडलीच नाहीं असें ठरतें! कायद्याच्या व्यवसायांत आम्हांस एक गोष्ट शिकावयास मिळाली आहे: पुरावा नसेल तर खरा दावाही बुडतो. म्हणून गांवोगांवीं, सखल जागेंत, किमान तापमान टिपणारा प्रमाणित उष्णतामापक असावा, त्याची रोजची नोंद ग्रामपंचायतींत राहावी, आणि विम्यानें ती ग्राह्य धरावी, अशी आमची मागणी आहे. एका फवारणीच्या खर्चांत असें यंत्र येऊं शकतें.

आमच्या व्यापारी वाचकांस शेवटीं दोन शब्द. थंडीची बातमी आली कीं चांगल्या मालाचाही भाव पाडण्याची चाल कोठें कोठें दिसते. त्यांत त्या दिवसापुरता नफा असेल. पण बागाईतदार मोडला तर औषधांची उधारी, बँकेचें कर्ज, पेट्या-कागदांचा धंदा आणि मोंढ्यांतील उलाढाल हीं सर्व त्याच्यामागून मोडतात. जालना जिल्ह्यांतील कडवंचीच्या लोकांनीं पावसाचें पाणी अडवून, शेततळीं खोदून, कोरडवाहू शिवारांत द्राक्षें उभीं केलीं. अवर्षणावर मात करणाऱ्या माणसांस एका रात्रीच्या थंडीपुढें एकटें सोडणें शहरास शोभत नाहीं. व्यापाऱ्यांनीं आपल्या गिऱ्हाईक-गांवांस एकेक उष्णतामापक दिला, तरी सरकारच्या आधीं आपण कामास लागलों असें होईल. पारा उतरण्याचें थांबविणें कोणाच्या हातीं नाहीं; तो उतरत असल्याची खबर वेळेवर पोंचविणें मात्र सर्वस्वीं आपल्या हातीं आहे.