थंडीतला समुद्र सर्वांचा

विद्यार्थिमित्रांनो, समुद्रकिनाऱ्याची सहल म्हटली की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? लाटांत उड्या मारणे, एकमेकांच्या अंगावर पाणी उडवणे, ओल्या वाळूत लोळणे. म्हणूनच डिसेंबर-जानेवारीत वारा गार झाला, की घरातले मोठे म्हणतात, "आता कसला समुद्र? पाण्यात तर उतरता येणार नाही. थंडी संपली की जाऊ." बेत तिथेच मोडतो. जी कुटुंबे किनाऱ्यावर पोहोचलेली असतात, तीसुद्धा खोलीच्या खिडक्या लावून बसतात आणि प्रत्येक जण आपापल्या मोबाइलमध्ये डोके खुपसतो.

माझे मत याच्या अगदी उलट आहे. घरातल्या सर्वांना घेऊन समुद्रावर जायचे असेल, तर थंडीतच जावे. पाण्यात डुंबण्याची सहल ही घरातल्या दोघा-तिघांची सहल असते. थंडीतली सहल मात्र सर्वांची होऊ शकते.

हे पटत नसेल तर सुट्टीच्या दिवशी कोणत्याही किनाऱ्यावर नजर टाका. अब्बा, चाचा आणि मुलगे पाण्यात असतात. अम्मी चादरीवर बसून पिशव्या, चपला, घड्याळे आणि सुके कपडे सांभाळत असते. दादी उन्हाकडे पाठ करून बसलेली असते. मोठी बहीण कपडे भिजतील म्हणून काठावरच उभी असते. संध्याकाळी सगळे घरी परततात आणि म्हणतात, "आज खूप मजा आली!" मजा नक्की कोणाला आली, हे कोणी विचारत नाही.

मी वर्गात 'समुद्रकिनाऱ्यावर एक दिवस' हा निबंध लिहायला देतो. मुलांच्या वह्यांत 'मी पोहलो', 'मी खेळलो', 'मी धावलो' अशी वाक्ये असतात. मुलींच्या वह्यांत पुष्कळदा 'भाऊ पाण्यात खेळला, आम्ही पाहिले' असे वाक्य असते. व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही वाक्ये बरोबर आहेत. पण त्या दोन वाक्यांत फार मोठे अंतर आहे.

तुम्ही म्हणाल, "सर, अम्मी स्वतःच म्हणते की मी इथेच बरी आहे." असे ती म्हणते, हे खरे. पण दुसरे काही करण्याची सोयच नसेल, तर ती आणखी काय म्हणणार? थंडीच्या दिवसांत पाण्याचा खेळ मागे पडतो आणि किनाऱ्याचे खेळ पुढे येतात. या खेळांत पोहता येणे, कपडे बदलणे, धावपळ करणे यांची गरज नसते. आठ वर्षांचा भाऊ आणि सत्तर वर्षांची दादी दोघांनाही त्यांत जागा असते.

आधी कोकणातल्या थंडीची भीती काढून टाकू. आपल्या किनाऱ्यावर बर्फ पडत नाही. मुंबईत सांताक्रूझ येथे २२ जानेवारी १९६२ रोजी तापमान ७.४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. इतकी थंडी क्वचितच पडते. पहाटे मात्र वारा बोचतो. याचे कारण तुम्ही भूगोलात शिकलेला आहात. रात्री जमीन लवकर थंड होते, पाणी हळूहळू थंड होते. त्यामुळे रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे गार वारे वाहतात. त्यांना मतलई वारे म्हणतात. दिवसा जमीन तापली की समुद्राकडून खारे वारे येतात. शिडाच्या होड्यांच्या काळात कोळी पहाटे मतलई वाऱ्याबरोबर समुद्रात जात आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्याबरोबर परत येत. म्हणजे ज्या वाऱ्याला आपण घाबरतो, त्या वाऱ्यावर कितीतरी घरांचे पोट चालत असे. दादीला शाल द्या, लहानग्यांना कानटोपी घाला आणि ऊन अंगावर आले की बाहेर पडा. एवढी तयारी पुरते.

आता करायचे काय? पहिली गोष्ट म्हणजे ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर फिरणे. पाणी मागे सरले की ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची सुंदर नक्षी दिसते. ती लहान लहान खेकड्यांनी केलेली असते. ते वाळूतले अन्नकण खातात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतात. खडकांतल्या डबक्यांत छोटे मासे अडकलेले दिसतात. एखादा शंख चालू लागतो, कारण त्यात खेकडा राहत असतो. रिकामे शिंपले जरूर गोळा करा, पण ज्यात जीव आहे तो शंख पुन्हा पाण्याजवळ ठेवा. ते त्याचे घर आहे.

ओहोटी केव्हा असते, हे तुम्हाला घरबसल्या काढता येईल. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर एक जुना हिशोब आहे. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल, ती भरतीची साधारण वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे तीनच्या आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास. कोवळ्या उन्हात फिरायला याहून चांगली वेळ कोणती? पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजावी.

आता गंमत पाहा. तुमच्या घरी हिजरी कॅलेंडर असतेच. तिथी आणि हिजरी तारीख दोन्ही चंद्रावरून चालतात. चंद्र दिसल्यावर आपला महिना सुरू होतो, म्हणून आपली तारीख तिथीच्या एक-दोन दिवस मागे असते. चांदच्या तारखेत एक किंवा दोन मिळवा, की साधारण तिथी मिळते. म्हणजे चांदची दोन किंवा तीन तारीख असेल, तर सकाळी नऊच्या आसपास ओहोटी. हा अंदाज आहे. नक्की वेळ गावातल्या कोळी बांधवांना विचारावी. पण हा हिशोब अम्मी आणि दादीबरोबर बसून करा. चंद्राच्या तारखा घरात त्यांनाच सर्वांत जास्त पाठ असतात.

दुसरी गोष्ट म्हणजे पक्षी पाहणे. थंडीत आपल्या किनाऱ्यावर दूरदूरचे पाहुणे येतात. पांढरे-राखाडी कुरव पक्षी लाटांवर तरंगताना दिसतात. त्यांतले तपकिरी डोक्याचे कुरव लडाख आणि तिबेटकडच्या सरोवरांकाठी अंडी घालतात आणि हिवाळ्यात आपल्याकडे येतात. पण इथे त्यांचे डोके तपकिरी दिसत नाही. हिवाळ्यात ते पांढरे होते आणि कानाजवळ फक्त एक गडद ठिपका उरतो. कोणाला तो ठिपका आधी दिसतो, याची शर्यत लावा. मात्र पक्ष्यांना फरसाण किंवा शेव टाकू नका. तळलेले पदार्थ हे त्यांचे अन्न नव्हे. थव्यामागे धावूही नका. एवढा प्रवास करून आलेल्या पाहुण्यांना विश्रांती हवी असते.

तिसरी गोष्ट म्हणजे किल्ला पाहणे. रायगड जिल्ह्यात मुरूडजवळ राजपुरी नावाचे गाव आहे. तिथून होडीने जंजिरा किल्ल्यावर जाता येते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा या होड्या बंद असतात. थंडीत समुद्र शांत असतो. 'जंजिरा' हा शब्द अरबी 'जज़ीरा' या शब्दावरून आला आहे. त्याचा अर्थ तुम्हाला सांगायला नकोच. या किल्ल्यावर आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींच्या वंशजांचे राज्य होते. ते राज्य १९४८ साली भारतात विलीन झाले. किल्ल्यावर 'कलाल बांगडी' नावाची प्रचंड तोफ आहे. चारही बाजूंना खारे पाणी असूनही आत गोड्या पाण्याचे तलाव आहेत. होडीत चढणे-उतरणे दादीला अवघड वाटले, तर राजपुरीच्या काठावरूनही किल्ला छान दिसतो. कोणीतरी एक जण तिच्याजवळ बसावा. दर वेळी तो 'कोणीतरी' म्हणजे अम्मीच असू नये, एवढे लक्षात ठेवा.

चौथी गोष्ट मराठी शिकणाऱ्या तुम्हा मुलांसाठी फार मोलाची आहे. कोळीवाड्यात जा आणि लोकांशी बोला. सकाळच्या उन्हात कोळी जाळी दुरुस्त करत बसलेले असतात. बांबूंच्या मांडवावर बोंबील सुकत असतात. त्यांच्या बोलण्यात तुम्हाला ओळखीचे शब्द भेटतील. जहाज, बंदर, तुफान, किनारा, खलाशी हे शब्द उर्दूतही आहेत. होडीच्या मालकाला 'नाखवा' म्हणतात. तो तुमचा 'नाखुदा'च होय. काही शब्द मात्र फसवे असतात. उर्दूत 'दरिया' म्हणजे नदी, पण मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र! असे शब्द वहीत लिहून ठेवा. जे मराठी आपल्याला पुस्तकात अवघड वाटते, ते किनाऱ्यावर आपल्याच घरचे वाटू लागते. दक्षिणेकडे मालवण-वेंगुर्ल्याच्या बाजूला गेलात, तर तिथे 'रापण' पाहायला मिळेल. समुद्रात अर्धवर्तुळाकार जाळे टाकून त्याचे दोर किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी ओढतात. कोळी बांधवांनी परवानगी दिली, तर तुम्हीही दोराला हात लावा. आपल्या ताटात मासा कसा येतो, हे मग कोणी सांगावे लागणार नाही.

पाचवी गोष्ट संध्याकाळची. रायगड जिल्ह्यात थंडीत वालाच्या शेंगा आल्या, की गावोगावी 'पोपटी' लावतात. मातीच्या मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालतात. त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, बटाटे, अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी ठेवतात. पाण्याचा थेंबही घालत नाहीत. मडक्याचे तोंड पाल्याने बंद करून ते उलटे ठेवतात आणि भोवती जाळ करतात. आतले पदार्थ वाफेवर शिजतात. या पदार्थाची मला आवडणारी गोष्ट अशी, की तो एकट्या अम्मीने करायचा नसतो. कोणी पाला आणतो, कोणी शेंगा धुतो, कोणी लाकडे रचतो आणि बाकीचे शेकत बसतात. मगरिबची नमाज झाल्यावर सगळे जाळाभोवती बसा आणि दादीला तिच्या लहानपणीच्या गोष्टी सांगायला लावा. जाळ मोकळ्या अंगणात, यजमानांना विचारून आणि मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली करावा. किनाऱ्यावर जाळ करू नये. थंडीत वेळास, आंजर्ले यांसारख्या काही किनाऱ्यांवर सागरी कासविणी अंडी घालायला रात्री वाळूत येतात. उजेड आणि गोंगाट यांमुळे त्या बिचकतात.

काही जण म्हणतील, "पण पाण्यात उतरल्याशिवाय समुद्राची मजा काय?" घोट्यापर्यंत पाण्यात पाय भिजवायला कोणाचीच हरकत नाही. पण थंडीत समुद्र शांत दिसतो म्हणून तो निर्धोक असतो, असे मुळीच समजू नका. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. ते तुमच्याहून थोडेच मोठे होते. शांत दिसणाऱ्या पाण्यातही माणसाला आत ओढणारा प्रवाह असतो. खडकांवर फिरतानासुद्धा पाणी मागे जात असतानाच जावे आणि ते पुन्हा भरू लागण्यापूर्वी परत यावे. स्थानिक माणसाने "पुढे जाऊ नका" म्हटले, तर तो शब्द अंतिम माना.

मित्रांनो, सहल मोठी असावी किंवा महाग असावी असे नाही. किनारा जवळ असेल तर सकाळी जाऊन रात्री परत येता येते. पण निघण्यापूर्वी एका कागदावर घरातल्या सर्वांची नावे लिहा आणि प्रत्येकाच्या नावापुढे एक आवडीचे काम लिहा. भरतीचा हिशोब दादीचा, पक्ष्यांची वही बहिणीची, पोपटीची लाकडे भावाची. पिशव्या सांभाळण्याचे काम तासातासाने वाटून घ्या. त्यात तुमचेही नाव असू द्या. अम्मीच्या नावापुढे काय लिहायचे, ते मात्र तुम्ही ठरवू नका. आधी तिला विचारा, "अम्मी, तुम्हाला काय पाहायचे आहे?" कदाचित ती लगेच उत्तर देणार नाही. हा प्रश्न तिला सहसा कोणी विचारलेला नसतो. थोडे थांबा. उत्तर मिळाले, की तिथूनच सहलीचा बेत आखायला सुरुवात करा.