फिर्यादी कोठे उभा आहे?



गेल्या महिन्यात सांताक्रूझ पूर्वेच्या एका चाळीतील नवदीक्षित कुटुंब आमच्याकडे आले. गावी त्यांच्या भावास सार्वजनिक विहिरीवर जातीवरून शिवीगाळ व मारहाण झाली होती. गावच्या ठाण्यात गुन्हा अदखलपात्र म्हणून टिपला गेला, वर ऐकविण्यात आले की, “तुम्ही आता बौद्ध झालात, अत्याचाराचा कायदा तुम्हांस लागत नाही.” कुटुंबातील वृद्ध माता म्हणाली, “वकीलसाहेब, उद्या खटला उभा राहिला तरी तो सरकारचा. मग त्यात आम्ही कोण?”

हा प्रश्न लहान नव्हे. निरनिराळ्या देशांच्या न्यायपद्धतींनी त्यास निरनिराळी उत्तरे दिली आहेत. मनुस्मृतीच्या व्यवस्थेत शिक्षा गुन्ह्यावर नव्हे, तर वर्णावर ठरे. तेथे आपणांस न्याय मागण्याचीच जागा नव्हती. इंग्रजांनी आणलेल्या पद्धतीत कायद्यापुढील समतेचे तत्त्व आले. परंतु तीत सरकार एका बाजूस, आरोपी दुसऱ्या बाजूस आणि न्यायाधीश मध्यस्थ पंचासारखा. ज्याच्यावर घाव पडला तो केवळ साक्षीदार! फ्रान्सची रीत वेगळी. तेथे गंभीर गुन्ह्यांचा तपास न्यायाधीश स्वतः करतो, आरोपीच्या विरुद्ध जाणारा व त्याच्या बाजूचा असा दोन्ही पुरावा शोधतो, आणि पीडित मनुष्य पक्षकार म्हणून खटल्यात सामील होऊ शकतो. पोर्तुगालच्या कायद्यातही पीडितास सरकारी पक्षाचा साहाय्यक होता येते. १९६१ पर्यंत आपल्या शेजारच्या गोव्यात याच युरोपीय परंपरेची न्यायपद्धती नांदत होती.

आपल्या पद्धतीतील उणिवेची किंमत आपल्या समाजाने मोजली आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ साली आठ जण दोषी ठरले, परंतु अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील आरोप टिकला नाही. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही तेच मत कायम ठेवले. त्या काळी पीडिताच्या आप्तांस साक्षीच्या पिंजऱ्यापलीकडे कायद्याने फारसे स्थान दिलेले नव्हते.

पुढे मात्र कायदा बदलला. २००९ पासून पीडितास निर्दोष सुटकेविरुद्ध अपिलाचा हक्क मिळाला. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१६ पासून कलम १५-अ अंमलात आले. त्यान्वये जामिनाच्या सुनावणीची सूचना पीडितास मिळालीच पाहिजे आणि जामीन, दोषसिद्धी व शिक्षा या प्रत्येक टप्प्यावर त्याचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे. हे बंधन ऐच्छिक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली स्पष्ट केले.

मग “तुम्ही बौद्ध झालात” या उद्गाराचे काय? १९९० साली संसदेने अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती करून बौद्धांचा समावेश केला. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्या माणसाचे संरक्षण धर्मांतराने नष्ट होत नाही. जो अधिकारी याच्या उलट सांगतो, तो कायदा सांगत नाही, आपला पूर्वग्रह सांगतो.

यास्तव आमचे सांगणे एवढेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते; गुन्हा गावी घडला तरी सांताक्रूझला ती नोंदविता येते. नोंदीची प्रत विनामूल्य मागून घ्या. नकार मिळाल्यास पोलीस अधीक्षकांस लेखी कळवा, तेथेही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्यांकडे जा. जातीचा दाखला व दीक्षेची कागदपत्रे घरात एका जागी ठेवा.

आणि एक गोष्ट विसरू नका. आरोपीस चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे, स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती न करणे, हे हक्क संविधानाने आपल्या विरोधकांसही दिले आहेत. त्यांचा आपण द्वेष करू नये. खोट्या आरोपाखाली उद्या आपल्याच वस्तीतील तरुण पकडला गेला, तर तेच हक्क त्याची ढाल होतील. आपणांस सूड नको, न्याय हवा. आणि न्यायालयात आपली जागा कोणती हे ज्यास ठाऊक आहे, त्यास तेथून कोणी सहजी उठवू शकत नाही.

त्या मातेस आम्ही हेच उत्तर दिले: आई, या खटल्यात तुम्ही केवळ साक्षीदार नाही. तुमचे म्हणणे ऐकणे न्यायालयास भाग आहे. परंतु ते मांडण्यास तुम्ही उभे राहिले पाहिजे.