तंबोऱ्यावर कोण होतं?

गायकाची ओळख करून देताना आपल्याकडचा निवेदक एक वाक्य हमखास टाकतो, "यांनी देश-विदेशात कार्यक्रम केले आहेत." लगेच टाळ्या पडतात. कुठल्या देशात, कुणापुढे, काय गायलं, हे कुणी विचारत नाही. बरोबर कोण होतं, हे तर कधीच नाही. माझं मत असं की परदेश दौऱ्याबद्दल विचारण्यासारखा पहिला प्रश्न तोच आहे. त्या दौऱ्याचं मोठेपण पासपोर्टवरच्या शिक्क्यात नसतं. कोण कुणाबरोबर गेलं आणि परत येताना कोण कुणाचं कोण झालं होतं, यात ते असतं.

हे मी नवागामात बसून लिहितेय, म्हणजे अशा गावात जिथे निम्मी गल्ली घरात अहिराणी बोलते, दुकानात गुजराती आणि नळावर दोन्ही. आमच्यासारखी नगरकडची काही कॅथलिक घरंही आहेत. आमची गाणी हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेतली, शेजाऱ्यांची कानबाईची. आपल्याला वाटतं परदेश दौरा म्हणजे मुंबई-पुण्याच्या मोठ्या गवयांचं काम. पण 2019 साली सुरतेहून शारजाला थेट विमान सुरू झालं, 2023 च्या डिसेंबरात दुबईलाही झालं, आणि आता आमच्याकडची लग्नाच्या ऑर्केस्ट्रातली पोरंसुद्धा शनिवार-रविवारचा कार्यक्रम करून येतात. त्यामुळे हा प्रश्न आता लांबचा राहिलेला नाही.

आधी एक जुना शनिवार-रविवार बघू. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथे 16 ते 18 जून 1967, शुक्रवार ते रविवार, मोठा संगीत महोत्सव झाला. बाकीचे कलाकार मानधन न घेता वाजवत होते. पंडित रविशंकरांना मात्र ठरलेले तीन हजार डॉलर मिळाले. रविवारी दुपारी ते वाजवायला बसले. तबल्यावर उस्ताद अल्लारखा, तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती. त्या महोत्सवाची जी फिल्म निघाली तिचा शेवट याच वादनाने होतो, आणि त्यात सतारीइतकाच तबला ऐकू येतो. आज आपल्याला यात विशेष काही वाटणार नाही. पण त्याआधी तबलजी म्हणजे बाजूला बसून ठेका धरणारा माणूस, अशीच समजूत होती. मानधनही तसंच. परदेशातल्या मंचांवर रविशंकर आणि अल्लारखा समोरासमोर बसले, एकमेकांना सवाल-जवाब करू लागले, तेव्हा तिथल्या लोकांना दोन कलाकार दिसले. ते बघून आपल्यालाही दिसायला लागले!

दोन वर्षांनी, 15 ऑगस्ट 1969 च्या शुक्रवारी, वुडस्टॉक. पाऊस, चिखल, लाखोंची गर्दी. पुन्हा रविशंकर, पुन्हा अल्लारखा. तंबोऱ्यावर या वेळी माया कुलकर्णी. मराठी घरात शोभणारं हे नाव जगातल्या सगळ्यात गाजलेल्या मैफलीत मंचावर होतं, आणि आपल्यापैकी कितीजणांनी ते ऐकलंय? वुडस्टॉकमध्ये गिटार कुणी वाजवली हे कॉलेजातली मुलं झोपेत सांगतील. तंबोरा धरणाऱ्या माणसाचं काम म्हणजे सूर सतत जिवंत ठेवणं. तो बंद पडला तरच लोकांचं लक्ष जातं. नावाचंही तसंच होतं.

तिसरा रविवार 1 ऑगस्ट 1971 चा. बांगलादेशातून लाखो निर्वासित भारतात आले होते. रविशंकरांनी आपल्या मित्राला, जॉर्ज हॅरिसनला, काहीतरी करू या म्हणून सांगितलं, आणि न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एकाच दिवशी दोन कार्यक्रम झाले. सुरुवातीला सतार-सरोद जुळवून झाल्यावरच श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या, हा किस्सा आपण हसून सांगतो. पण त्या दिवसाची खरी गोष्ट मैत्रीची आहे. एका मित्राने मागितलं, दुसऱ्याने आपले सगळे मित्र गोळा केले. अशी मैत्री विमानतळावर उतरल्यावर तयार होत नाही. त्याआधीची काही वर्षं एकाने दुसऱ्याकडे सतार शिकण्यात घालवली होती.

आणि झाकीरभाई. माहीमच्या सेंट मायकल शाळेत आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकलेला मुलगा, म्हणजे आपल्यासारख्याच मिशनच्या शाळा-कॉलेजातला. जॉन मॅकलॉफ्लिनबरोबर 1970 च्या दशकात सुरू झालेलं 'शक्ती' आणि मिकी हार्टबरोबरचं ढोलांचं काम त्यांनी आयुष्यभर सांभाळलं. फेब्रुवारी 2024 मध्ये त्यांना एका रात्रीत तीन ग्रॅमी मिळाले. त्याच वर्षी 15 डिसेंबरला ते गेले. पेपरांनी "झाकीर हुसेन यांना तीन ग्रॅमी" असं छापलं. पण त्या तिन्हींतला एकही एकट्याचा नव्हता. एक 'शक्ती'चा, आणि दोन बेला फ्लेक, एडगर मेयर आणि बासरीवाले राकेश चौरसिया यांच्याबरोबरचे.

आता मराठी मंडळांकडे येऊ. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 पासून आहे, अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 पासून. परदेशात मराठी कार्यक्रम शनिवार-रविवारीच का होतात? कारण खुर्च्या मांडणारे, तिकिटं विकणारे, विमानतळावर न्यायला येणारे सगळे सोमवार ते शुक्रवार नोकरीवर असतात. कलाकार बऱ्याचदा त्यांच्याच घरी उतरतात. पोहे, पिठलं-भात, रात्री दोनपर्यंत गप्पा. दोन दिवसांत झालेली ही ओळख पुढे दोन पिढ्या टिकते. या दौऱ्यांचा मला सगळ्यात आवडणारा भाग हाच आहे, आणि कुठल्याही जाहिरातीत तो नसतो.

पण खर्च वाढला की कात्री कुठे लागते? गायकाच्या तिकिटाला नाही. आधी तंबोरा जातो, त्याच्या जागी डबी किंवा मोबाइलवरचं ॲप येतं. मग हार्मोनियमवाला. मग "तबलजी तिकडचाच बघू". मी याच्या सरसकट विरोधात नाही. तिकडे वाढलेला एखादा मराठी किंवा गुजराती मुलगा मोठ्या गायकाला साथ करतो तेव्हा त्याला आयुष्यभराची शिदोरी मिळते. छोट्या मंडळाला पाच व्हिसा आणि पाच तिकिटं परवडत नाहीत, हेही खरं. पण नाव छापायला तिकीट लागत नाही. मानधन किती आणि कधी मिळणार हे आधी सांगायलाही नाही.

आमच्या गल्लीतला एक दादा ढोलकी वाजवतो. एरवी त्याचे शनिवार-रविवार उधना, लिंबायत नाहीतर ताप्ती लाइनने नवापूर-नंदुरबारला जातात. एकदा त्याला दुबईचा कार्यक्रम मिळाला. तिथे 2022 पासून शनिवार-रविवारची सुट्टी झाली, म्हणून शुक्रवारी रात्री निघायचं आणि सोमवारी कामावर हजर, असा हिशोब. बुर्ज खलिफा त्याने गाडीच्या काचेतून पाहिला. एसीच्या कोरड्या हवेत ढोलकीचं कातडं ताणलं आणि सूर चढला, तो उतरवण्यात संध्याकाळ गेली. त्याला मदत केली ती कीबोर्ड वाजवणाऱ्या एका मल्याळी माणसाने, तो शारजात नोकरी करतो. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. मोडक्या हिंदीत काम भागलं. एका खोलीत चौघं झोपले, पहाटे दोघांनी मिळून चहा शोधला. आजही ते एकमेकांना ठेके आणि चाली मोबाइलवर पाठवतात. दादाने त्या माणसाला लावणीचा ठेका शिकवला, त्याने दादाला त्यांच्याकडच्या चर्चमधल्या गाण्याची एक चाल. ती आम्ही नाताळला वाजवली.

आता त्याच कार्यक्रमाचं पोस्टर बघा. गायकाचा मोठा फोटो, आयोजकांचे तीन फोटो, आणि खाली बारीक अक्षरात "व सहकलाकार". दादाच्या आईने ते पोस्टर मोबाइलवर मोठं करून करून पाहिलं. "तुझं नाव कुठंय रे?" असं तिने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "आई, सहकलाकार म्हणजे मीच." पैसे चार महिन्यांनी आले, तेही ठरल्यापेक्षा कमी. तक्रार कुणाकडे करायची? नावच नाही, तर "मी तिथे होतो" हे सिद्ध कशाने करायचं? नाव छापणं हा नुसता मानापमानाचा मुद्दा नाही, ती पावती असते. पुढचं काम मागताना, पुढचा व्हिसा काढताना तीच दाखवावी लागते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना मी एक जुना नमुना दाखवेन. संत पौल हा सतत प्रवास करणारा माणूस. रोमकरांना लिहिलेल्या त्याच्या पत्राचा सोळावा अध्याय म्हणजे जवळजवळ नावांची यादीच आहे. वाचनाच्या वेळी आपल्याला तो कंटाळवाणा वाटतो. पण त्यात फिबी आहे, पौलासाठी जीव धोक्यात घालणारं जोडपं आहे, आणि ज्याने ते पत्र प्रत्यक्ष लिहून काढलं तो तर्तियसही स्वतःच्या नावाने सलाम सांगून जातो. एवढं मोठं विचारांचं पत्र, आणि त्यात लेखनिकालाही जागा!

म्हणून आपल्या मराठी वाङ्मय मंडळाला माझ्या तीन साध्या सूचना आहेत. एक, यापुढे प्रत्येक कार्यक्रमाच्या पत्रिकेवर साथीदारांची नावं गायकाइतक्याच आकारात छापा. माइकवाल्याचंही. दोन, बाहेरून वादक बोलावले तर मानधनाचा आकडा आणि तारीख आधी लिहून द्या, पाचशे रुपये असले तरी. तीन, आपल्यापैकी कुणी परदेशात कार्यक्रम करून आलं तर त्याचा सत्कार जरूर करा, पण त्याला मंचावर पहिला प्रश्न हा विचारा: तुमच्याबरोबर कोण कोण होतं? त्यांना नावं आठवली, तर दौरा चांगला झाला म्हणायचा. फेब्रुवारीतल्या मराठी भाषा गौरव दिनाच्या पत्रिकेपासून हे करता येईल. ती अजून छापायला गेलेली नाही.