झडती सर्वांची व्हावी

कारागृहात शिरणाऱ्या अमली पदार्थांचा विषय निघाला की आपल्याकडे बोट जाते ते मुलाखतीस आलेल्या नातलगांच्या पिशवीकडे. परंतु ब्रिटनच्या तुरुंगांत गेल्या दशकात जे घडले, ते पाहिले म्हणजे हा व्यापार किती सूक्ष्म झाला आहे याची कल्पना येते. ‘स्पाइस’ या नावाने ओळखली जाणारी, गांजाच्या गुणधर्माची नक्कल करणारी कृत्रिम द्रव्ये विद्रावकात विरघळवून कागदावर शिंपडायची, कागद वाळला की त्यावर खुशालीच्या चार ओळी लिहून तो टपालात टाकायचा, आणि आत तोच कागद तुकड्यातुकड्यांनी विकला जायचा, अशी ही रीत. वकिलाच्या गोपनीय पत्राचे सोंगही या कामी घेतले गेले.

असा कागद ओळखण्यासाठी स्कॉटलंडच्या तुरुंगांत यंत्रे बसविण्यात आली. कागदावर फिरवलेला फडका यंत्रात तापवतात, वाफेतील रेणूंना विद्युत्भार देतात, आणि ते विद्युत्क्षेत्र किती वेळात ओलांडतात हे आधी नोंदलेल्या द्रव्यांशी ताडून पाहतात. युक्ती कौतुकास्पद आहे. परंतु ज्याची नोंद दप्तरी नाही ते द्रव्य यंत्रास अपरिचितच राहते, आणि एका संयुगावर बंदी आली की रचनेत किंचित फेरफार केलेले दुसरे बाजारात हजर होते. अखेर 2021 च्या सरत्या महिन्यात तेथे मूळ पत्राऐवजी त्याची छायाप्रत कैद्याच्या हाती देण्याचा नियम झाला. विषारी कागदाने माणसे मरत असताना हा उपाय मला अयोग्य वाटत नाही. तरी मुलाने रंगवलेले चित्र, आईच्या हातचे अक्षर, ज्यांचा गुन्ह्याशी सुतराम संबंध नाही अशांची ही ठेव त्यात हिरावली जाते, हे विसरता येत नाही.

म्हणूनच माझा आग्रह असा की, ज्या बंदोबस्ताचा भार निरपराध नातलगांनी सोसायचा, तोच भार दरवाजा ओलांडणाऱ्या प्रत्येकाने, मग तो शिपाई असो, अंमलदार असो, ठेकेदार असो वा अधीक्षक, विनातक्रार सोसला पाहिजे. ही मागणी काही नवी नव्हे. 1894 च्या कारागृह अधिनियमाच्या 42 व्या कलमाने निषिद्ध वस्तू आत नेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 200 रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, सांगताना, ती जाणूनबुजून आत जाऊ देणाऱ्या तुरुंगाच्या अधिकाऱ्यालाही त्याच शिक्षेस पात्र ठरविले होते. त्या काळच्या परकी सरकारलाही जे उघड दिसत होते, ते आपण झडतीच्या नित्य व्यवहारात उतरवू नये, याला कोणतेही समर्थन नाही. रामाच्या पहाऱ्यात रहीम तपासला जातो आणि रहीमच्या पहाऱ्यात राम, अशी पाळी बदलती ठेवून, झडतीची नोंद बाहेरच्या अधिकाऱ्यापुढे गेली, तर प्रामाणिक शिपायाचेच रक्षण होईल. कारण टोळीवाल्यांचा दबाव प्रथम त्याच्यावरच येतो.

आणि आत कोणी नशेत सापडलाच, तर? 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्याचे 64-अ कलम स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी आरोपीला, अल्प प्रमाणाच्या वा सेवनाच्या गुन्ह्यात, खटल्यापासून मुक्ती देते. बाहेरच्या व्यसनाधीनास जी वाट मोकळी, ती कैद्यालाही मोकळी असावी: लघवीच्या तपासणीत दोष आढळताच त्याची मुलाखत बंद करण्याआधी त्याला तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यापुढे उभे करावे, आणि माल कोठून आला हे विचारण्याचे काम त्यानंतर, स्वतंत्रपणे, पोलिसांनी करावे.