कणकेची गोळी आणि गळ

तळ्याकाठी उभे राहून माशांना कणकेच्या गोळ्या घालणाऱ्याला आपल्याकडे पुण्यवान समजतात. तीच गोळी गळाला लावून बसणाऱ्याला रिकामटेकडा म्हणतात, आणि जागा सार्वजनिक उद्यानातली असेल तर चोरही. लखनौच्या गोमतीनगर भागात ३७६ एकरांवर पसरलेले जनेश्वर मिश्र पार्क २०१४ मध्ये खुले झाले. त्यात मोठे तळे आहे, आणि शहरातल्या इतर उद्यानांतही लहानमोठी तळी आहेत. त्यांच्याकडे आपण नौकाविहाराची आणि फोटोची जागा म्हणून पाहतो. माझे म्हणणे असे की अशा बंदिस्त तळ्यांत परवाना देऊन, मोजूनमापून गळाने मासेमारी करू द्यावी. त्यात शौकिनांची सोय होईलच, पण खरा फायदा तळ्याचा आहे.

कारण मुळात जीवशास्त्राचे आहे. रोहू, कटला आणि मृगळ हे आपले प्रमुख गोड्या पाण्यातले मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातला वाहता लोंढा लागतो. म्हणून तर १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी यांनी संप्रेरक टोचून त्यांचे प्रजनन घडवले, तेव्हा देशातल्या मत्स्यशेतीचे चित्र पालटले. तो दिवस आजही मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. म्हणजे उद्यानातल्या तळ्यात रोहू दिसतो तो बहुधा कोणीतरी बोटुकली सोडली म्हणून. सोडलेली बोटुकली वाढली की तिची काढणीही करावी लागते. ती केली नाही तर दाटी होते. वर भाविकांची कणीक पडते, ती कुजते, पाण्यातला प्राणवायू खाते, आणि उन्हाळ्यातल्या एखाद्या पहाटे मासे पोट वर करून तरंगतात. तिलापियासारखा परका मासा मात्र साचल्या पाण्यातच भराभर वाढतो आणि देशी माशांच्या तोंडचा घास पळवतो. गळ टाकून बसणारा माणूस असा मासा एकेक करून काढू शकतो. जाळ्यात सगळे सरसकट येते. गळाला काय लागले ते पाहून ठेवता किंवा सोडता येते.

लखनौला तर हे सांगायला बाहेरचा तज्ज्ञ नको. १९८३ साली स्थापन झालेला राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरो याच शहरात आहे. उदाहरणार्थ, उत्तर प्रदेशचा राज्यमासा चितल घ्या. पाण्यात बुडालेल्या लाकडा-खुंटांवर त्याची अंडी चिकटतात आणि नर त्यांची राखण करतो. काठ चोहोबाजूंनी दगडाने बांधून काढलेल्या, तळ साफ केलेल्या तळ्यात त्याला खुंट मिळणार कुठून? कोणत्या तळ्यात काय सोडावे, काय काढावे, कोणते महिने गळ बंद ठेवावा, हे ठरवण्याचे ज्ञान शहरातच आहे. परवानाधारकाने पकडलेल्या प्रत्येक माशाची जात आणि लांबी नोंदवली, तर त्या ज्ञानाला रोजची, फुकटची माहिती मिळेल.

पैशाचा मुद्दाही लहान नाही. इंग्लंडमध्ये गोड्या पाण्यात गळ टाकायला परवाना लागतो आणि त्याची रक्कम मासे व पाण्याच्या देखभालीसाठी वापरली जाते. अमेरिकेत १९५०च्या कायद्याने मासेमारीच्या साहित्यावरील कर मत्स्यसंवर्धनासाठी राखून ठेवला. आपल्याकडे उद्यानाचे तिकीट काढणाऱ्याला, आपल्या पैशाने पाण्याचे काय भले झाले, हे विचारायचे सुचतही नाही. गळवाला ते विचारील, कारण पाणी बिघडल्याचे पहिल्यांदा त्याला कळते.

यावर पहिला आक्षेप क्रौर्याचा. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माशाला वेदना होतात याला पुरेसा शास्त्रीय आधार आहे. म्हणूनच निव्वळ फोटोसाठी पकडून सोडण्याच्या खेळाला माझा पाठिंबा नाही. जर्मनीतही खाण्यासारखे सबळ कारण नसताना केवळ मौजेसाठी मासा पकडणे कायद्याला मान्य नाही. आपला नियमही तोच असावा: खाण्यासाठीच गळ टाका, ठेवायचा मासा लगेच मारा, आणि नको तो सोडता यावा म्हणून गळ बिनकाट्याचा वापरा. दुसरा आक्षेप पक्ष्यांचा. तुटलेली दोरी आणि शिशाची वजने त्यांच्या जिवावर उठतात हे खरे आहे. हंस मरू लागल्यावर इंग्लंडने १९८७ साली शिशाची बहुतेक वजने बंद केली. आपण ती पहिल्या दिवसापासूनच बंद ठेवावीत आणि गळासाठी एकच घाट राखावा. तिसरा आक्षेप पोटाचा: निषाद, मल्लाह या मासेमार समाजांच्या घासात शौकिनांनी वाटा का मागावा? मागू नयेच. नदी आणि मोठे जलाशय त्यांचे राहावेत, आणि उद्यानातल्या तळ्यात बोटुकली सोडण्याचे व देखरेखीचे पगारी काम त्यांच्याच सहकारी संस्थांना द्यावे.

सर्वांत वजनदार आक्षेप मुंबईतून येतो. १८९१ मध्ये बांधलेल्या पवई तलावावर गळवाल्यांची संघटना दशकानुदशके आहे, तरी तिथले सांडपाणी आणि जलपर्णी हटली का? नाही हटली. पण त्याचा दोष गळाला देता येत नाही. तळ्यात काय येऊन पडते ते थांबवण्याचा अधिकार गळवाल्यांच्या हाती नसतो. म्हणून परवान्याला एक अट पालिकेसाठीही जोडावी: दर हंगामाआधी पाण्याची आणि माशांच्या मांसाची तपासणी, आणि तिचा निकाल घाटावरच्या फलकावर. मासा खाण्याजोगा नसेल तर गळ बंद आणि ते का, याचे उत्तर पालिकेने द्यायचे. ज्या तळ्यातला मासा ताटात घ्यायची शहराला भीती वाटते, त्या तळ्याकाठी लावलेल्या रंगीत दिव्यांना शोभा म्हणू नये.