विद्यार्थ्याची चूल

निकाल लागले की बिलोली, देगलूर, मुखेड या तालुक्यांतील मुले-मुली नांदेड-लातूरची वाट धरतात. प्रवेश, पुस्तके, शिकवणी यांचा हिशेब घरोघरी काटेकोरपणे मांडला जातो; पोटाचा हिशेब मात्र ‘खाणावळ लावू’ एवढ्यावरच आटोपतो. पुढे पैसे अपुरे पडतात तेव्हा फी चुकविता येत नाही, जेवण चुकविता येते. आणि तेच चुकविले जाते.

शासनाने या खर्चाला एक आकडा दिला आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ मध्ये स्वाधार योजना सुरू झाली. मुंबई-पुण्यासारखी मोठी शहरे वगळता इतर महापालिका क्षेत्रांसाठी तीत वर्षाला ५१,००० रुपये ठरले. त्यांपैकी भोजनाचे २८,०००. दहा महिन्यांचे वर्ष धरले तर दिवसाला सुमारे ९३ रुपये. यात खाणावळीची दोन जेवणे बसविणे कठीण. स्वतःच्या चुलीवर मात्र ती बसू शकतात.

कारण आपली जमीन जे पिकविते तेच स्वस्त व पौष्टिक आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात, तूरडाळीत २२, शेंगदाण्यात २४. दिवसाला ३०० ग्रॅम ज्वारी, ७५ ग्रॅम डाळ व मूठभर दाणे घेतले की बेरीज ५३ ग्रॅमच्या घरात जाते. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये ६५ किलो वजनाच्या पुरुषासाठी ५४ ग्रॅमची शिफारस केली आहे. ज्वारीत लायसिन हा घटक कमी असतो; ती उणीव डाळ भरून काढते. वरण-भाकरीची जोडी म्हणजे केवळ गरिबाची तडजोड नव्हे.

वेळ कोठून आणावा, हा आक्षेप खरा आहे. पण त्याचे उत्तर आपल्या आज्यांनी केव्हाच दिले आहे. धान्ये व मसाले भाजून दळलेले येसर डब्यात असले की फोडणीच्या पाण्यात कालवून दहा मिनिटांत आमटी होते. भाकरी थापता येत नसेल तर ज्वारीच्या कण्या आहेत. भिजवून कुकरमध्ये लावाव्यात, सोबत अंबाडीची भाजी किंवा पिठले. वरणफळे तर एका भांड्यातच शिजतात.

अर्थशास्त्राचा साधा नियम असा की, शेगडी व कुकर हा स्थिर खर्च चौघांत वाटला की तो हलका होतो, वेळाचेही तसेच. चौघांनी पाळी लावली तर प्रत्येकाचा हात चौथ्या दिवशी लागतो. शिवाय अन्नसुरक्षा कायद्याखालील प्राधान्य कुटुंबात प्रत्येक व्यक्तीमागे दरमहा ५ किलो धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत आहे आणि आपला वाटा दुसऱ्या गावच्या दुकानातूनही उचलता येतो.

मग अडते कोठे? दोन ठिकाणी. अनेक घरमालक खोलीत शेगडी चालू देत नाहीत आणि आपण मुलग्यांना स्वयंपाक शिकवीत नाही. भाऊ-बहीण एकत्र राहत असतील तर भाकऱ्या कोण थापते, हे विचारावे लागत नाही. बहिणीच्या अभ्यासाचे रोजचे दोन तास हे भावाच्या शिक्षणाला दिलेले अनुदानच होय. त्याची नोंद मात्र कोणत्याही वहीत होत नाही.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात काढलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि स्वावलंबन हा तेथील शिक्षणाचाच भाग होता. आज महाविद्यालयांनी वसतिगृहांत एकेक सामाईक स्वयंपाकघर उघडावे, पालकांनी मुलगा शहरात जाण्यापूर्वी त्याला वरण लावायला शिकवावे. एवढे झाले तरी अर्धपोटी राहून शिकण्याची आणि बहिणीच्या वेळावर शिकण्याची वेळ पुष्कळांवरून टळेल.